सकर मासा नदीत सोडू नका: टाकीतील शेवाळाविषयीच्या एका संदेशाला उत्तर

‘फिश टँक कायम स्वच्छ ठेवण्याचे पाच मंत्र’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर गटागटांतून फिरतो आहे. त्याचा सारांश असा: टाकीत एक सकर मासा सोडला की पाणी बदलावे लागत नाही, त्याला वेगळे खाणे घालू नये, कारण तो शेवाळ आणि इतर माशांची विष्ठा खाऊन जगतो, सकर न मिळाल्यास ‘अल्गी ईटर’ नावाचा कोणताही मासा चालतो आणि त्यातली सोनेरी जात विशेष शांत असते, खाडीतल्या किंवा शेतातल्या गोगलगायी फुकट मिळतात, त्या आणून सोडाव्यात, आणि सकर मोठा झाला की त्याला नदीत, तळ्यात किंवा विहिरीत सोडावे, म्हणजे तेथील पाणीही स्वच्छ होते आणि जीवदानाचे पुण्य लागते. चिपळूणला राहणाऱ्या माझ्या भाच्याने हा संदेश प्रमाण मानून दोन फुटी टाकीत दोन सकर आणले. ते वितीपेक्षा मोठे झाल्यावर ‘मावशी, रविवारी वाशिष्ठीत सोडून येतो’ असे त्याने मला फोनवर सांगितले. तेव्हापासून हा संदेश आणखी किती घरांत याच भक्तिभावाने वाचला गेला असेल, या विचाराने मी अस्वस्थ आहे.

शेवटच्या मंत्रापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या चुकांचे परिणाम एका टाकीपुरते राहतात आणि या चुकीचे परिणाम कोणालाच परत घेता येत नाहीत. आपल्याकडे सकर म्हणून विकला जाणारा मासा बहुतेक वेळा टेरिगोप्लिक्थिस या प्रजातीतला, म्हणजे मूळचा दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा असतो. अंगावर हाडांच्या तकटांचे चिलखत, परांना टणक काटे आणि तळाला घट्ट चिकटणारे तोंड असलेल्या या माशाला मोठेपणी खाऊ शकेल असा शिकारी आपल्या नद्यांत फारसा नाही. माशांच्या जातींची जगभरची नोंद ठेवणाऱ्या ‘फिशबेस’ या माहितीसंग्रहात यातील पार्डालिस या जातीची कमाल लांबी ४२ सेंटीमीटरहून अधिक आणि डिसजंक्टिव्हस या जातीची ७० सेंटीमीटर दिली आहे. केरळमध्ये आणि कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ जागांत हे मासे पसरल्याच्या नोंदी अभ्यासकांनी प्रसिद्ध केलेल्या आहेत. ज्या देशात हा मासा एकेकाळी केवळ दुकानांतील काचेच्या टाक्यांत होता, तेथे तो उघड्या पाण्यात पोहोचण्याचा मुख्य मार्ग म्हणजे कोणीतरी दयेपोटी किंवा कंटाळून त्याला सोडून देणे हाच आहे. मेक्सिकोतील इन्फिएर्निलो जलाशयात तिलापियाची मोठी मासेमारी चालत असे. तेथे सकर पसरल्यावर मच्छीमारांच्या जाळ्यांत मोठा वाटा या न खपणाऱ्या माशाचा येऊ लागला आणि त्याच्या काट्यांनी जाळीही फाटू लागली.

कोकणाच्या बाबतीत ही भीती अधिक आहे, आणि त्याची कारणे आपल्या नद्यांच्या रचनेत आहेत. सह्याद्रीतून उतरून थोड्याच अंतरात समुद्राला मिळणाऱ्या या नद्या उन्हाळ्यात आटत जातात आणि देशी मासे उरलेल्या कोंडांत तग धरून राहतात. त्या साचलेल्या, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी होतो. सकर मात्र पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि जठराच्या अस्तरातून तिच्यातला प्राणवायू घेतो, त्यामुळे जेथे इतर मासे गुदमरतात तेथे तो टिकतो. वाशिष्ठीत तर त्याला हीदेखील अडचण नाही, कारण कोयना जलविद्युत प्रकल्पाचे अवजल, म्हणजे वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणी, कोळकेवाडीमार्गे तिच्यात येते आणि ती बारमाही वाहते. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर चढणीचे मासे पऱ्ह्यांतून, शेतांतून वर जातात आणि अंडी घालतात. तळ खरवडत फिरणारा मासा शेवाळाबरोबर तळाला चिकटलेली अंडीही गिळतो. शिवाय हे मासे प्रजननासाठी मातीच्या काठात खोल बिळे करतात, ज्यामुळे काठ ढासळतात. नदीकाठच्या मळ्यांत नारळ-पोफळीच्या बागा असणाऱ्यांनी या एका वाक्याचा विचार शांतपणे करावा.

‘नदीत नको तर तळ्यात सोडू, तेथून तो कोठे जाणार’ असाही युक्तिवाद भाच्याने केला. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण शहरात काय झाले हे त्याने स्वतः पाहिलेले आहे. अशा दिवशी तळे, विहीर, गटार आणि नदी यांचे पाणी एकच होते, आणि त्या पाण्याबरोबर मासेही जातात.

राहिला प्रश्न ‘पाणी स्वच्छ होईल’ या आशेचा. वाहत्या पाण्यातील खडकांवरचे शेवाळ खरवडणारे मासे सह्याद्रीच्या ओढ्यांत आधीपासून आहेत. १८३९ मध्ये ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक साइक्स यांनी शास्त्रीय वर्णन केलेला मळ्या हा त्यांपैकीच एक. सकर सोडणे म्हणजे त्यांच्या खाण्यात त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा वाटेकरी आणून बसवणे होय. यात पुण्य कोठे आहे हे मला कोणी समजावून द्यावे. घरात वाढलेला सकर नकोसा झाला असेल, तर त्याला घेणारा दुकानदार किंवा मोठी टाकी बाळगणारा हौशी माणूस शोधावा, आणि पागात किंवा गळाला हा मासा लागला तर त्याला परत पाण्यात टाकू नये.

आता पहिला मंत्र, पाणी न बदलण्याचा. यात एक अर्धसत्य आहे आणि ते मान्य करायला हवे: लहान सकर काचेवरचे मऊ शेवाळ खरोखर खातो, आणि नवीन आणलेल्या पिलाने दोन-चार दिवसांत काच साफ केलेली पाहून माणसाचा या संदेशावर विश्वास बसतो. परंतु काच स्वच्छ दिसणे आणि पाणी स्वच्छ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधील आणि वाळूतील जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट पाण्यात साठत जाते आणि ते वनस्पतींनी शोषल्यास किंवा आपण पाणी बदलल्यासच कमी होते. कोणताही मासा अमोनिया किंवा नायट्रेट खात नाही. उलट भरपूर खाणारा आणि भरपूर उत्सर्जन करणारा सकर या साखळीवरचा भार वाढवतो, आणि वाढलेले नायट्रेट पुन्हा शेवाळालाच खत पुरवते.

आपल्याकडे या सल्ल्याचे नुकसान आणखी एका कारणाने वाढते. जांभ्याच्या प्रदेशातील विहिरींचे पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते. अमोनियाचे नायट्रेट होताना पाण्यातील अल्कता, म्हणजे आम्ल झेलण्याची क्षमता, खर्ची पडते; ती मुळातच कमी असल्याने, पाणी न बदललेल्या टाकीचा सामू (पीएच) काही महिन्यांत घसरतो, जिवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया साठू लागतो. मग एके सकाळी एकाएकी मासे मेलेले दिसतात आणि दोष हवामानाला दिला जातो. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलणे हे टाळता येण्याजोगे काम नाही.

माशाच्या आकाराचे गणित तर कोणीही मोजपट्टीने करू शकते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरूनही सुमारे ५६ लिटर पाणी मावते आणि तिची रुंदी ३० सेंटीमीटर असते. ४० सेंटीमीटरच्या माशाला त्यात सरळ वळताही येत नाही.

विष्ठेवर जगण्याचा दावा खोटा आहे, एवढेच त्याविषयी पुरे. काचेवरचे शेवाळ संपले की उपाशी ठेवलेला सकर खंगत जातो, किंवा रात्री मंद हालचालीच्या, रुंद अंगाच्या माशांना चिकटून त्यांच्या त्वचेवरचा बुळबुळीत थर खरवडू लागतो. त्याला बुडणाऱ्या गोळ्या, काकडी, उकडलेला दुधी असे खाणे द्यावे लागते.

तिसऱ्या मंत्रातील सोनेरी ‘शांत’ मासा म्हणजे चायनीज अल्गी ईटरची पिवळी जात. तो प्रामुख्याने थायलंड आणि मेकाँग खोऱ्याच्या परिसरातला आहे, फिशबेसनुसार २८ सेंटीमीटरपर्यंत वाढतो, वयाबरोबर शेवाळ सोडून तयार खाण्याकडे वळतो आणि इतर माशांना हाकलू लागतो. एंजलसारख्या चपट्या माशांच्या अंगाला चिकटण्याची त्याची सवय प्रसिद्ध आहे. शांत सामूहिक टाकीसाठी याच्याइतकी चुकीची निवड क्वचितच असेल. त्याच्याशी नावाने गल्लत होणारा सयामी अल्गी ईटर मात्र अगदी वेगळा मासा आहे आणि खरोखर उपयोगी आहे. त्याच्या अंगावरचा काळा पट्टा शेपटीच्या पराच्या टोकापर्यंत सलग जातो आणि त्याचे तोंड चोषकासारखे नसते. पानांच्या कडांवर येणारे काळे, केसाळ शेवाळ खाणारे मासे फार थोडे आहेत, त्यांत हा पहिला. तोही १५ सेंटीमीटरच्या आसपास वाढतो आणि चपळ असतो, म्हणून तीन फुटांपेक्षा लहान टाकीत तो आणू नये.

गोगलगायींविषयी थोडक्यात: खाडीच्या चिखलातली शंखी गोड्या पाण्यात मरते आणि कुजून पाणी बिघडवते, भातशेतातली मोठी गोगलगाय शेवाळापेक्षा टाकीतल्या वनस्पतीच आवडीने खाते. दुकानात मिळणारी नेराइट गोगलगाय मात्र काचेवरचे कडक हिरवे ठिपके काढण्यात अतिशय उत्तम आहे. तिच्या अळ्यांना वाढीसाठी निमखारे पाणी लागते, त्यामुळे टाकीत तिची संख्या वाढत नाही, काचेवर फक्त पांढरी अंडी चिकटलेली राहतात. आपल्या मृदू पाण्यात तिचे कवच झिजून पांढरे पडते, म्हणून फिल्टरमध्ये कोरलचे किंवा शिंपल्यांचे थोडे तुकडे ठेवावेत.

मग दोन फुटी टाकीत, गप्पी किंवा टेट्रांसारख्या लहान माशांबरोबर, काय ठेवावे? आधी आपल्याकडचे शेवाळ कोणते ते पाहावे. नव्या टाकीतला तपकिरी थर काही आठवड्यांत बहुधा आपोआप कमी होतो. पाणीच हिरवे झाले असेल किंवा वाळूवर निळसर हिरवा, दुर्गंधी येणारा बुळबुळीत पापुद्रा आला असेल, तर कोणताही मासा तो खाणार नाही. हा पापुद्रा खरे तर शेवाळ नसून जिवाणूंचा थर असतो. अशा वेळी पडवीत, सकाळच्या उन्हात ठेवलेली टाकी आधी आत हलवावी, दिवा सहा ते आठ तासांवर आणावा आणि खाणे निम्मे करावे. हे न करता प्राणी वाढवत गेल्यास शेवाळ हटत नाही, फक्त टाकीतली गर्दी वाढते.

धाग्यासारख्या मऊ शेवाळासाठी कोळंबी सर्वांत चांगली. जपानी छायाचित्रकार आणि जलोद्यानकार ताकाशी अमानो यांच्यामुळे जगभर माहीत झालेली अमानो कोळंबी सुमारे पाच सेंटीमीटर वाढते. तिच्याही अळ्यांना खारे पाणी लागत असल्याने ती टाकीत वाढत नाही. लाल चेरी कोळंबी त्याहून लहान असते आणि गोड्या पाण्यातच पिले देते. ज्या टाकीत एंजल आहेत तेथे कोळंबी सोडू नये, ती खाल्ली जाते. कोकणातल्या घरांसाठी याहून महत्त्वाची सूचना अशी की तांबे कोळंबीला आणि गोगलगायीला अत्यल्प प्रमाणातही मारक असते. पावसाळ्याच्या तोंडावर पोफळीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारले जाते आणि त्यातला मोरचूद म्हणजे तांब्याचेच संयुग आहे. फवारणीची बादली, पाइप किंवा न धुतलेले हात टाकीत जाता कामा नयेत, आणि माशांच्या औषधाच्या बाटलीवर तांबे लिहिले आहे का हेही पाहावे.

काच आणि पाने साफ ठेवण्यासाठी मासाच हवा असेल, तर जेमतेम चार-पाच सेंटीमीटरचा ओटोसिन्क्लस घ्यावा. सकरचाच हा दूरचा नातलग, परंतु स्वभावाने अगदी निरुपद्रवी आहे आणि आपल्या विहिरीचे मृदू पाणी त्याला मानवते. थोडी मोठी टाकी असेल तर ब्रिसलनोज हा पर्याय आहे, जो १२ ते १५ सेंटीमीटरवर थांबतो. त्याच्यासाठी टाकीत लाकडाचा ओंडका ठेवावा. ओटो मात्र एकटा कधीच ठेवू नये, किमान सहा जणांचा थवा असावा, आणि टाकी काही महिने चालून काचेवर, पानांवर पातळ थर धरल्याशिवाय त्यांना आणू नये. हे मासे बहुधा नद्यांतून पकडूनच आणलेले असतात आणि प्रवासात उपाशी राहतात. म्हणून दुकानात त्यांना खालच्या बाजूने काचेला चिकटलेले पाहावे, पोट गोलसर दिसत असेल तरच घ्यावेत, आणि पहिले काही आठवडे शेवाळाच्या जोडीला उकडलेल्या काकडीची चकती संध्याकाळी टाकून सकाळी काढून घ्यावी.