टिळकवाडीत नांगर

जून जवळ आला की बेळगावात दोन गोष्टी ठरलेल्या: पाऊस आणि आमचे साडू. पावसाचं मागंपुढं होतं, साडूंचं होत नाही. १ जूनला तिकडं अटलांटिकात चक्रीवादळांचा हंगाम सुरू होतो, तो ३० नोव्हेंबरला संपतो. तेवढे सहा महिने त्यांची शिडाची बोट ग्रेनाडात किनाऱ्यावर लोखंडी टेकूंवर उभी, आणि मालक-मालकीण आमच्या मागच्या खोलीत.

साडू मूळचे शहापूरचे. मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते. नोकरी सुटली खरं समुद्र सुटला नाही. अडतीस फुटांची जुनी बोट घेतली आणि माझ्या मेहुणीला घेऊन कॅरिबियन बेटं हिंडायला लागले. ग्रेनाडा, कॅरिआकू, बेक्वे, सेंट लुसिया, मार्टिनिक. निळं पाणी, कासवं, डोलकाठीमागं मावळणारा सूर्य. असले फोटो आले की आमची ही माझ्याकडं अशी बघते, जणू मी तिला छळायलाच बँकेत लागलो होतो. फोटोत जे येत नाही ते सगळं मात्र दर जूनमध्ये आमच्या घरी येतं.

त्यात पहिलं पाणी. बोटीची टाकी चारशे लिटरची, ती दोघांना दोन-तीन आठवडे पुरवायची. आल्या दिवशीच साडूंनी गच्चीवरच्या टाकीत काठी बुडवून माप घेतलं आणि माणशी रोजचे लिटर जाहीर केले. आम्ही राकसकोप धरणाच्या पाण्यावर वाढलेली माणसं. शेजारच्या अक्कांनी "नीर बंतू!" (पाणी आलं!) म्हणून हाळी दिली की हातातला घास टाकून पिंप, घागर, कळशी, शेवटी वरणाचं पातेलंसुद्धा नळाखाली लावणारी. आम्हाला पाणी जपायला कोण शिकवणार? तर हे. आंघोळ दोन तांब्यांत. भांडी बोटीवर आधी समुद्राच्या पाण्यानं धुतात आणि मग चुळकाभर गोड्या पाण्यानं विसळतात, म्हणून त्यांनी बादलीत मीठ कालवायला घेतलं, तेव्हा हिनं हात जोडले. "अहो पाव्हणं, मीठसुद्धा विकत घ्यावं लागतंय हो."

मी त्यांच्यासाठी हौसेनं कुंदा आणला, तर फाटकातच अडवला. पुठ्ठ्याच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात, बोटीवर पुठ्ठा चढू देत नाहीत. खोकं बाहेर, कुंदा आत. मेहुणीला तर न हलणाऱ्या पलंगावर पहिले आठ दिवस झोपच लागत नाही. उलट जमीनच डुलते म्हणते. सोप्यातल्या झोपाळ्यावर उशी घेऊन पडते आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं एक झोका द्यायचा. येताना ते जायफळं आणतात (ग्रेनाडाच्या झेंड्यावरच जायफळ आहे), ती उगाळून दिली तरी तिला झोप नाही. मला मात्र वासानंच जांभया येतात.

नांगराचं प्रकरण वेगळंच. नांगर नुसत्या वजनावर धरत नाही, आडव्या ओढीनं तळात रुततो. म्हणून पाच मीटर पाणी असलं तर पंचवीस मीटर साखळी तरी सोडायची. हे साडू एकदा येळ्ळूरच्या मामांना सांगत होते.

"रात्री नांगर धरला नाही की झोप उडते, मामा."

"उडंल की. जमीन कसली?"

"वाळू असली तर छान धरतो. गवतात धरत नाही."

"गवतात कसा धरंल? आधी खुरपून घ्याचं," मामा म्हणाले. मग थोडं थांबून, काळजीनं, "खरं वाळूत पिकतंय काय?"

एका आषाढात रात्री दोनला वारं सुटलं आणि मागचं दार वाजलं. बघतो तर साडू चड्डी-बनियनवर अंगणात, कपाळाला लाल दिवा, हात लांब करून अंगठा आधी समोरच्या माडावर, मग ट्रान्सफॉर्मरवर, मग देवळाच्या कळसावर धरालेत. शेजारच्या अक्कांनी खिडकीतून बघितलं आणि चोर समजून "कळ्ळ! कळ्ळ!" म्हणून अशी बोंब ठोकली की गल्लीतले सगळे दिवे लागले. काठ्या घेऊन चौघं आले. साडू शांत.

"सरकलं नाही," मला म्हणाले.

"काय?"

"घर."

खरं १ जुलै २०२४ ची रात्र मी चेष्टेवारी नेत नाही. वादळं सहसा उत्तरेकडून जातात म्हणून लोक बोटी ग्रेनाडात आणून ठेवतात, आणि त्या वर्षी बेरिल ताशी २४० किलोमीटरच्या वाऱ्यानं सरळ कॅरिआकूवर आलं. आपल्याकडं रात्रीचे साडेआठ झाले असतील. बाहेर आपला पाऊस, आत दोघं फोनवर वाकलेली. पिठलं-भात तसाच राहिला. त्यांची बोट ग्रेनाडाच्या दक्षिण टोकाला होती, तिला फार झालं नाही. ते कळलं तरी मेहुणी उठली नाही. कॅरिआकूत तिला नीरफणस देणारी एक म्हातारी आहे, तिचा फोन ती पहाटेपर्यंत लावत होती. तो चार दिवसांनी लागला.

डिसेंबरात दोघं परत बोटीवर गेली. परवा भर मध्यरात्री फोन वाजला, मी दचकून उचलला. पलीकडं पत्र्यावर पडल्यासारखा पावसाचा आवाज आणि त्यातून मेहुणीची हाळी:

"भावजी, नीर बंतू! ताडपत्री बांधलीय, टाकी भरालीय!"

हिनं झोपेतच माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"पहिलं पाणी सोडून दे गं. आणि पातेली लाव, पातेली!"