सुरक्षा म्हणजे फक्त बॉर्डर? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

परवापासून आमच्या परभणीच्या शाळेच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरायलाय, तुमच्याकडंही आला असेल. म्हणे देशाची सुरक्षा म्हणजे बॉर्डर आणि फौज, त्यात स्त्रीवाद्यांचं काय काम. इंदिरा गांधी, ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचर यांनीपण युद्ध केलंच की, मग बाई आली की शांतता येते हे थोतांड. बायकांना शांततेच्या चर्चेत बसवून कुठं काही झालं नाही. आणि स्वीडननं तर आपलं स्त्रीवादी परराष्ट्र धोरण स्वतःच गुंडाळलं. लई जणांनी अंगठे दिलेत त्याला, म्हणून सविस्तर लिहायलेय.

आधी बॉर्डरचं. माझी आज्जी सेलूकडच्या खेड्यातली. ४८ साली निजामाच्या बाजूचे रझाकार येणार अशी आवई उठली की घरातल्या पोरींना पेवात, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यात उतरवायचे, झाकणाला बोटभर फट ठेवून वर कडब्याच्या पेंढ्या टाकायचे. आज्जी बारा वर्षांची, मांडीवर धाकटी बहीण, ती रडू नये म्हणून तिच्या तोंडावर हात दाबून बसायची. हे सांगताना आज्जी शेवटपर्यंत स्वतःच्या त्या हाताकडं बघायची. सप्टेंबरात भारताच्या फौजेची पोलीस ॲक्शन झाली, पाच दिवसांत निजाम शरण आला, आपण सुटलो, १७ सप्टेंबरला झेंडा लावतो ते बरोबरच आहे. पण त्याच दिवसांत उस्मानाबाद, नांदेड भागात मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले, बायकांवर अत्याचार झाले, भारत सरकारनं चौकशीला पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं ते लिहून दिलं तर तो अहवाल कित्येक दशकं बाहेरच येऊ दिला नाही. म्हणजे कागदावर इलाका सुरक्षित झाला तेव्हाच तिथल्या कितीतरी बायकांचे सगळ्यात वाईट दिवस सुरू झाले. स्त्रीवादी अभ्यासक विचारतात ते हेच, की सुरक्षित झालं म्हणता ते नेमकं कोण झालं? यात फौजेला विरोध कुठं आला?

इंदिराबाईंचं म्हणाल तर ७१ चं युद्ध त्यांनी लढलं, खरंय. आपल्या जालना जिल्ह्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके रझाकारांशी लढल्या, मला त्यांचा अभिमान आहे. बायका जन्मतःच शांत असतात का यावर स्त्रीवाद्यांतच केव्हापासून जोरात वाद आहेत, बहुतेकींना ते मान्यच नाही. पण एक बाई पंतप्रधान झाली म्हणून तहाच्या कागदात पळवून नेलेल्या पोरींचं, विधवांच्या जमिनीचं कलम आपोआप येत नसतं, ते मागणारं कोणीतरी तिथं बसलेलं लागतं. शांततेच्या चर्चेत बायका असाव्यात असं सांगणारा युनोच्या सुरक्षा परिषदेचा ३१ ऑक्टोबर २००० चा १३२५ नंबरचा ठराव त्यासाठीच आहे.

आणि "कुठं काही झालं नाही" हे तर साफ खोटं. आफ्रिकेतला लायबेरिया बघा, तिथं यादवी युद्ध चालू होतं. २००३ साली शेजारच्या घाना देशातल्या आक्रा शहरात ते थांबवायच्या वाटाघाटी आठवडेच्या आठवडे रेंगाळल्या, तिकडं माणसं मरायलीत, तेव्हा लायबेरियातली शांतता कार्यकर्ती लेमा बोवी आणि तिच्यासोबतच्या ख्रिस्ती-मुसलमान बायका हॉलच्या दाराशी हातात हात अडकवून बसल्या, करार केल्याशिवाय बाहेर सोडणार नाही म्हणून. गार्ड अटक करायला आले तर लेमा अंगावरचे कपडे काढायला लागली, तिकडं आईसारख्या बाईनं असं करणं म्हणजे शाप मानतात, गार्ड मागं सरले. ऑगस्टमध्ये करार झाला. एकट्या बायकांमुळं झाला असं मी म्हणणार नाही, बंडखोर राजधानीपर्यंत आले होते, बाहेरच्या देशांचाही दाब होता. पण त्यांना चर्चेत कोणी बसवलंच नव्हतं, त्या दाराबाहेर होत्या, तरी एवढं झालं! पुढं २००७ ला त्याच देशात आपल्या सीआरपीएफच्या बायकांची तुकडी गेली, युनोची पहिली फक्त बायकांची पोलीस तुकडी, २०१६ पर्यंत होती.

राहिलं स्वीडन. तिथल्या परराष्ट्रमंत्री मार्गोट वालस्ट्रॉम यांनी २०१४ ला स्त्रीवादी परराष्ट्र धोरण आणलं, २०२२ ला सरकार बदललं आणि नव्या लोकांनी ते नाव काढून टाकलं, यात धोरण फसल्याचा पुरावा कुठाय? बोट ठेवायचंच होतं तर ते धोरण चालू असतानाही स्वीडन शस्त्रं विकत होता यावर ठेवायचं, आणि ते तिथल्या स्त्रीवादी शांतता संघटनांनीच आधी ठेवलंय.