कबुली आहे, व्हिडिओ आहे, मग तपास कशाला?

ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिक पोलिसांनी शहरातल्या गुंडगिरीविरुद्ध मोहीम उघडली आणि 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला' असं हात जोडून म्हणणाऱ्या आरोपींच्या रील्स घराघरांत पोचल्या. मोहिमेबद्दल तक्रार नाही, ती हवीच होती. पण त्या लाटेवर एक मजकूर सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरू लागला, तो काही थांबायला तयार नाही. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: आरोपीने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय, सीसीटीव्हीत सगळं दिसतंय, मग तपासाचा फार्स कशाला? तपास म्हणजे गुन्हेगाराला मिळणारी सवड. फारच अडलं तर नार्को चाचणी करा, म्हणजे गुंगीचं औषध देऊन बोलतं करा. आणि पोलीस पकडतात, कोर्ट सोडतं, म्हणून निकाल चौकीतच लागला पाहिजे.

रात्री पोरगी क्लासहून परत येईपर्यंत ज्याचा जीव टांगणीला लागतो, त्याने हे पुढे ढकललं तर त्याला नावं ठेवणार नाही. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य गुन्हेगाराच्याच पथ्यावर पडणारं आहे.

आधी कबुली. पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात आरोपीविरुद्ध चालत नाही. ही अलीकडे कुणी घुसवलेली पळवाट नव्हे. १८७२ च्या पुरावा कायद्यात खुद्द इंग्रजांनी ही तरतूद केली, कारण कोठडीत कबुल्या कशा निघतात हे त्या सरकारला पुरेपूर ठाऊक होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती कलम २३ मध्ये कायम आहे. आरोपीला खरंच बोलायचं असेल तर त्याने दंडाधिकाऱ्यासमोर बोलावं. तिथे त्याला आधी बजावलं जातं की बोलण्याची सक्ती नाही आणि बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल. पोलिसांसमोरच्या जबाबातला एकच तुकडा उपयोगी पडतो. 'कोयता अमक्या नाल्यात टाकलाय' असं सांगून त्याने तो पंचांसमोर काढून दिला, तर तेवढी माहिती ग्राह्य धरतात. पण मग तो कोयता पंचनाम्यात हवा, जागेवरच सील व्हायला हवा, मुद्देमालाच्या नोंदवहीत चढायला हवा आणि त्यावरचं रक्त कुणाचं याचा सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, यायला हवा. ही सगळी कामं तपासी अंमलदाराची, आणि ती कबुलीनंतर सुरू होतात.

यावर कुणी तरी मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा, काढणार, हे ठाऊक आहे. बरोबर आहे, मोक्कात पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली चालते. आपल्याच जिल्ह्यात त्याचं काय झालं तेही बघा. २००६ च्या मालेगाव बॉम्बस्फोटात एटीएसने, म्हणजे राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने, मोक्का लावून नऊ जणांना अटक केली. कबुल्याही नोंदवल्या गेल्या, त्या पुढे मागे घेतल्या गेल्या. नंतर एनआयएने, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय तपास यंत्रणेने, तपास केला आणि बोट वेगळ्याच लोकांकडे दाखवलं. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने आधीच्या आरोपींना दोषमुक्त केलं. स्फोट तोच, मृत तेच, पण दोन यंत्रणांच्या कथा एकमेकींना छेद देणाऱ्या. कबुली कागदावर असूनही खरं कोण हे कळलं नाही.

रील्सचं आणखी एक आहे, आणि ते ग्रुपवर कुणी बोलत नाही. फिर्यादीने हल्लेखोराला पूर्वी कधी पाहिलेलं नसेल तर ओळख परेड घ्यावी लागते. त्यासाठीच पोलीस आरोपीला चेहरा झाकून नेतात. त्याचा चेहरा परेडच्या आधीच लाखभर मोबाइलवर फिरला असेल, तर उलटतपासात बचावाचा वकील एकच प्रश्न विचारतो: 'तुम्ही याला घटनेच्या रात्री पाहिलं की फोनवर?' साक्षीदार अडखळला की परेडची किंमत शून्य. आपण हौसेने फॉरवर्ड केलेला व्हिडिओ आरोपीच्या कामी येतो तो असा.

आता सीसीटीव्ही. द्वारका किंवा सातपूरच्या एखाद्या दुकानाबाहेरचा कॅमेरा खूप काही दाखवतो, मान्य. पण डीव्हीआरमधलं, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्रातलं, जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, त्यामुळे तो वेळेत जप्त करणं हेच निम्मं काम. पेन ड्राइव्हवर उतरवलेली प्रत न्यायालयात द्यायची तर साक्ष्य अधिनियमातल्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि नव्या कायद्यात त्यावर हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या फाइलचा डिजिटल ठसा, हीसुद्धा नोंदवावी लागते, म्हणजे मध्ये कुणी फेरफार केला का ते कळतं. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या वादातच सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बजावलं की मूळ उपकरण हजर केलं नसेल तर हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. कॅमेऱ्याचं घड्याळ वीस मिनिटं मागे असेल तर त्याचीही नोंद पंचनाम्यात हवी. नाही तर त्याच वेळी आरोपी दुसरीकडे होता हे सिद्ध करायला बचाव पक्ष मोकळा.

नार्कोवर फार शब्द खर्च करायला नकोत. २०१० च्या सेल्वी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की संमतीशिवाय ती करता येत नाही, आणि संमतीने केली तरी त्या गुंगीत बोललेलं पुरावा ठरत नाही.

तपास म्हणजे सवड, हा दावा तर सरळ उलटा आहे. अटकेनंतर २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. दोषारोपपत्राला गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवस मिळतात. ते उलटले की जामीन हा आरोपीचा हक्क होतो. म्हणजे तपास रखडला तर फायदा कुणाचा हे सांगायला नको. वर्षानुवर्षं तारखा पडतात त्या दोषारोपपत्रानंतर, सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात. तो राग तपासावर काढून उपयोग नाही.

शेवटचा दावा, 'कोर्ट सोडतं'. यावर जरा थांबायला हवं, कारण नाशिकच्याच एका खटल्याने याचा निकाल लावून टाकलाय.

जून २००३ मध्ये जिल्ह्यात शेतातल्या एका झोपडीवर दरोडा पडला. घरातल्या पाच जणांचा खून झाला, बायकांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. आजचा फॉरवर्ड तेव्हा असता तर टाळ्याच पडल्या असत्या. मग फेरविचार झाला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. कारण काय? त्या रात्रीतून वाचलेल्या बाईने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांच्या फोटो अल्बममधून चार जणांना ओळखलं होतं, आणि ते चौघे या सहांपैकी नव्हते. त्या चौघांची चौकशीच झाली नाही. सहा माणसांची सोळा वर्षं तुरुंगात गेली, त्यांतला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्या आणि चुकार अधिकाऱ्यांवर कारवाई करा, असा आदेश न्यायालयाने राज्य सरकारला दिला. त्या बाईला न्याय मिळाला का? तिने ज्यांच्यावर बोट ठेवलं त्यांच्यापर्यंत कुणी पोचलंच नाही.

इथे कोर्टाने सोडलं ते तपासाने पकडायला हवं ते पकडलं नाही म्हणून. २०१४ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं होतं की आरोपी सुटलेल्या प्रत्येक खटल्याची छाननी करा आणि तपास ढिला असेल तर जबाबदारी निश्चित करा. ग्रुपवर कुणाला काही मागायचंच असेल तर याची मागणी करावी: नाशिक शहर आणि ग्रामीणमधल्या किती निकालांची अशी छाननी झाली, कुणावर काय कारवाई झाली.

फिर्यादीच्या हातातही काही गोष्टी आहेत. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत त्याला कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रकरण 'ए', 'बी' किंवा 'सी' समरीत निघालं, म्हणजे पोलिसांनी दोषारोपपत्र न देता तपास बंद करण्याचा अहवाल दिला, तर त्याला दंडाधिकाऱ्यापुढे हरकत घेता येते. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यावं, ही तरतूदही राज्यांनी पाच वर्षांच्या मुदतीत अमलात आणायची आहे.

राहता राहिला प्रश्न माणसांचा. तपास आणि बंदोबस्त यांची माणसं वेगळी करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या प्रकाश सिंग निकालात सांगितलं. तरी आजही खुनाचा तपास करणाऱ्यालाच मिरवणुकीला उभं राहावं लागतं. सिंहस्थात बंदोबस्ताचा ताण कितीतरी पटींनी वाढेल. तेव्हा पंचवटीतल्या चाकूहल्ल्याचा डीव्हीआर वेळेत कोण उचलणार, हे पोलीस आयुक्तांना आत्ताच विचारायला हवं.