'50 किलोमीटर रेंजचा वॉकी-टॉकी घ्या नि बिनधास्त घाटात जा': या फॉरवर्डमधलं खरं किती आणि थापा किती

पाऊस लागला की धबधब्यांच्या फोटोंसोबत एखादा तरी सल्ला ग्रुपाग्रुपात फिरायला लागतो, आणि सध्या गोव्यात वाळपईपासून मडगावपर्यंत प्रत्येक ट्रेकिंगवाल्याच्या फोनमध्ये जो येऊन पडलाय तो थोडक्यात असा: "चोर्ला, मोले, नेत्रावळी, कुठेही जा, मोबाईलची गरजच नाही. वॉकी-टॉकीची एक जोडी घ्या. 50 किमी रेंज, लायसन लागत नाही, प्रायव्हेट कोड असल्यामुळे कोणी ऐकू शकत नाही, पावसात भिजला तरी चालतो, अडकलात तर एसओएस बटण दाबा, मदत येते. परदेशात बर्फाच्या डोंगरात लोक हेच वापरतात." खाली स्नोमोबाईलवाल्यांचा व्हिडिओ, म्हणजे त्या बर्फावरून पळणाऱ्या स्कूटर, छातीवर माईक लावलेला एक माणूस बोलतोय आणि डोंगराच्या पलीकडून दुसरा उत्तर देतोय. आणि त्याच्याही खाली खरेदीची लिंक, अर्थातच.

वॉकी-टॉकीच्या विरोधात मी नाही हे आधीच सांगतो, उलट पाच-सहाजणांच्या वर माणसं असतील आणि पावसाळ्यात रानात शिरायचं असेल तर रेडिओ असावाच असं माझं मत आहे. पण तो कशासाठी असावा हे या फॉरवर्डने पार उलटं करून ठेवलंय आणि त्या भरवशावर कोणी सत्तरीच्या रानात उतरला तर कठीण आहे.

सुरुवात 50 किलोमीटरपासून करू कारण सगळ्यात मोठी थाप तीच. हातातले हे छोटे रेडिओ यूएचएफवर, म्हणजे खूप वरच्या फ्रिक्वेन्सीच्या लहरींवर चालतात आणि त्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, पृथ्वी गोल आहे त्यामुळे समोर काहीही आड नसलं तरी एका अंतरानंतर जमीनच आड येते. हिशोब सोपा आहे, अँटेना जमिनीपासून जितके मीटर उंच त्याचं वर्गमूळ काढा, 4.12 ने गुणा, तेवढे किलोमीटर त्या बाजूचं क्षितिज, आणि दोन्ही बाजूंची बेरीज करा. तोंडापाशी धरलेला रेडिओ म्हणजे दीड मीटर, त्याचे पाच किलोमीटर, समोरच्याचे पाच, झाले दहा. हे दहासुद्धा समुद्रासारख्या सपाट मोकळ्या जागेचे. 50 किलोमीटर बोलायचं तर दोघांनीही जवळजवळ 37 मीटर उंचीवर, म्हणजे बारा मजली इमारतीच्या गच्चीवर उभं राहायला हवं, मध्ये एक टेकडी नको, एक झाड नको. दोनापावलच्या जेटीवर एकजण आणि झुआरीच्या पलीकडे मुरगावला दुसरा असला तर मध्ये फक्त पाणी असल्यामुळे मजेत बोलता येईल, पण तेवढ्यासाठी कोणी पावसात घाटात जात नाही.

आता हेच सुर्लाच्या उतारावर करून बघा. कारवीचं आणि बांबूचं रान, पानं पाण्याने निथळतायत, आणि ओली पानं यूएचएफ सिग्नल चांगलाच खातात. मध्ये डोंगराची एक सोंड आली की संपलंच, मग माणूस पाचशे मीटरवर का असेना, तुम्हाला नुसती खरखर ऐकू येते. दाट रानात पावसात एखादा किलोमीटर मिळाला तर खूश राहायचं. काहीजण म्हणतात पॉवर वाढवा, पाच वॅटचा घ्या. पॉवरने फरक पडतो पण डोंगर काही पारदर्शक होत नाही. त्यापेक्षा रेडिओ कमरेच्या पट्ट्यावरून काढून तोंडापाशी उभा धरलात आणि चार पावलं चढून मोकळ्या जागी आलात तर जास्त फरक पडतो, कारण कमरेला लावलेल्या रेडिओचा सिग्नल अर्धाअधिक आपलंच शरीर अडवतं.

कोणीतरी लगेच म्हणेल की मालिमचे नाहीतर कुटबणचे ट्रॉलरवाले इतक्या लांबून कसे बोलतात. बाबा, तो मरीन व्हीएचएफ, म्हणजे बोटींसाठीचा वेगळा रेडिओ, 25 वॅटपर्यंतचा, अँटेना डोलकाठीवर आणि खाली सपाट समुद्र. शिवाय तिथे चॅनल 16 वर संकटाची हाक ऐकायला कोणीतरी कान लावून बसलेलं असतं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, एसओएसच्या वेळी लागणार आहे.

"लायसन लागत नाही." हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच जास्त घातक. भारतात 2018 च्या नियमांप्रमाणे 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या कमी पॉवरच्या रेडिओंना वेगळं लायसन लागत नाही, पण त्या मॉडेलला ईटीए म्हणजे सरकारी मान्यता असावी लागते. 27 मेगाहर्ट्झचा जुना सिटिझन बँडही पाच वॅटपर्यंत मोकळा आहे, पण त्याची लहर अकरा मीटरची, त्यामुळे आखूड अँटेनाच्या हँडसेटमध्ये त्याचा दम निघतो. व्हिडिओतले रेडिओ मात्र यातले नाहीत. अमेरिका-कॅनडात ते 462 आणि 467 मेगाहर्ट्झवर चालतात. अमेरिकेत त्यातल्या एफआरएस प्रकाराला लायसन नको, तिथे पॉवर जास्तीत जास्त दोन वॅट आणि काही चॅनलवर अर्धाच वॅट, आणि जीएमआरएस या दमदार प्रकाराला लायसन लागतं, 35 डॉलर, दहा वर्षांसाठी. म्हणजे ज्यांचं उदाहरण देताय त्यांच्याकडेसुद्धा सगळं फुकट नाही. तोच सेट चुलतभावाने बॅगेत घालून आणून दिला तर आपल्याकडे तो त्या मोकळ्या पट्ट्याच्या बाहेर जातो. स्वस्तात मिळणारे ते बाओफेंग वगैरे सेट तर 400 पासून 520 पर्यंत कुठेही लावता येतात, म्हणजे पोलीस असो, वनखातं असो, कोणाच्याही कामात तुम्ही नकळत घुसू शकता. हॅमची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची परीक्षा देऊन लायसन काढलंत तर हॅमच्या पट्ट्यात तसे सेट वापरता येतात, पण मग समोरचाही लायसनवालाच हवा. ट्रेकमधल्या बाकी नऊजणांचं काय?

प्रायव्हेट कोडवर फार वेळ घालवत नाही. तो कोड लावला म्हणजे तुमचं बोलणं बंद खोलीत जात नाही, एवढंच होतं की दुसऱ्यांचं बोलणं तुमच्या स्पीकरवर येत नाही. त्याच चॅनलवर कोड न लावता बसलेला कोणीही तुमचं सगळं ऐकतो, आणि दोन ग्रुप एकदम बोलले तर कोड असो नसो, दोघांचाही चिवडा होतो. जाहिरातीतले "2662 चॅनल" असेच बनतात, 22 चॅनल गुणिले 121 कोड. हवेतले रस्ते 22 चे 22 च.

पावसाचं आता जरा सविस्तर बोलू, कारण व्हिडिओतल्या लोकांचा त्रास वेगळा आणि आपला वेगळा. त्यांच्याकडे थंडीने बॅटरी लवकर बसते म्हणून ते रेडिओ जॅकेटच्या आत ठेवतात आणि वायरचा माईक तेवढा छातीवर आणतात. आपल्याकडे बॅटरीला काही होत नाही, पाणी मारतं. बॉक्सवर "वॉटरप्रूफ" लिहिलंय याला अर्थ नाही, आयपी नंबर बघा, म्हणजे सेट पाणी किती अडवतो त्याचा आकडा. आयपीएक्स 4 म्हणजे नुसते शिंतोडे, आयपी 67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि तोही चार्जिंगचं रबरी झाकण नीट दाबलेलं असेल तरच. शिवाय सेट जिवंत राहिला म्हणजे बोलणं कळतंच असंही नाही. माईक-स्पीकरच्या जाळीवर पाण्याचा पडदा बसला की समोरच्याचा आवाज उशीखालून आल्यासारखा येतो, "थांब" म्हणाला की "लांब" म्हणाला कळत नाही. अशा वेळी सेट उलटा करून तळहातावर दोनदा आपटायचा, जाळीवरून बोट फिरवायचं, हळू फुंकायचं, मग परत विचारायचं. आणि बटण दाबल्या दाबल्या बोलायला सुरुवात करायची नाही, क्षणभर थांबायचं, नाहीतर पहिला शब्द खाल्ला जातो. नेमका तोच बऱ्याचदा "नको" असतो. "नको येऊस" मधला "नको" गेला तर काय उरतं बघा.

आता एसओएस. हा मुद्दा वाचून मला खरंच राग आला. त्या बटणाने होतं काय, तर सेट भोंग्यासारखा ओरडतो आणि त्याच चॅनलवर तोच आवाज जातो. ऐकणार कोण? तुमच्याच ग्रुपमधले, ते रेंजमध्ये असले तर. ट्रॉलरचं सांगितलं तसं चॅनल 16 वर कान ठेवणारं कोणीतरी असतं, पण म्हादईच्या रानात 446 मेगाहर्ट्झवर कान लावून कोणीही बसलेलं नाही. अग्निशमन दल नाही, पोलीस नाही, वनखात्याचे गार्डही नाहीत, त्यांचे वायरलेस त्यांच्या स्वतःच्या फ्रिक्वेन्सीवर चालतात. बाहेरून मदत बोलवायची तर 112 ला फोन लागला पाहिजे, आणि तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीचा टॉवर मिळत असेल तर 112 लागू शकतो. म्हणजे "मोबाईलची गरजच नाही" हे वाक्यच धोक्याचं. फोन चार्ज करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, एरोप्लेन मोडवर टाकून सोबत असायलाच हवा. रेडिओ आपल्याच माणसांत बोलायला आहे. फार तर असं करता येतं की एकजण वर सोंडेवर नेटवर्कच्या जागी थांबतो आणि खालच्यांचा निरोप रेडिओवर घेऊन फोनवरून पुढे देतो, हे मात्र खरंच उपयोगी पडतं, पण ते आधी ठरलेलं असलं तरच.

जुलै 2024 मध्ये सत्तरीतल्या पालीच्या धबधब्यावर काय झालं ते आठवा. रविवार, गर्दी, वर पाऊस वाढला आणि परतीच्या वाटेवरचं पाणी चढलं, लोक पलीकडे अडकले, मग अग्निशमन दल आणि पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. तिथे प्रत्येकाच्या हातात वॉकी-टॉकी असता तरी पाणी उतरलं नसतं. पण समजा एखाद्या ग्रुपने एक माणूस खालच्या व्हाळाच्या अलीकडे ठेवला असता, आणि पाणी गढूळ लाल व्हायला लागलं, पालापाचोळा नि काटक्या वाहत यायला लागल्या की त्याने रेडिओवर एवढंच सांगितलं असतं की "निघा आत्ताच्या आत्ता", तर तो ग्रुप अडकायच्या आत अलीकडे आला असता. धबधब्यापाशी पाण्याचा आवाज एवढा असतो की तीस पावलांवरून मारलेली हाक कळत नाही, शिट्टी ऐकू येते पण शिट्टीने "परत फिर" सांगता येत नाही. रेडिओची खरी किंमत तिथे आहे, त्या तीस ते तीनशे पावलांत.

गंमत म्हणजे स्नोमोबाईलवालेसुद्धा रेडिओ नेमका असाच वापरतात, फॉरवर्ड करणाऱ्याने व्हिडिओ नीट बघितलाच नाही. हिमस्खलनाची भीती असलेल्या उतारावर ते एकेकटे जातात, बाकीचे सुरक्षित जागी थांबून बघतात, इंजिनच्या आवाजात हाक ऐकू जात नाही म्हणून रेडिओ. बर्फाखाली गाडलेला माणूस रेडिओने सापडत नाही, त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर 457 किलोहर्ट्झचा वेगळा ट्रान्सीव्हर, म्हणजे सिग्नल सोडणारं आणि पकडणारं यंत्र असतं, शिवाय फावडं आणि बर्फात खुपसायची लांब काठी. उलट रेडिओ आणि फोन त्या ट्रान्सीव्हरपासून निदान 20 सेंटिमीटर लांब ठेवायचे, शोध चालू असताना निदान 50, असं त्यांना शिकवलेलं असतं, नाहीतर शोधणाऱ्या यंत्रालाच गडबड होते. म्हणजे "हेच वापरतात" नाही, हे पण वापरतात. त्या पूर्ण सामानातला एक तुकडा उचलून आपल्या गळ्यात मारलाय.

त्यांच्यातले बरेचजण सॅटेलाइट मेसेंजरही, म्हणजे टॉवर नसला तरी उपग्रहामार्फत निरोप पाठवणारं यंत्र बाळगतात, आणि या फॉरवर्डच्या एका नव्या अवतारात "नाहीतर गार्मिनचं सॅटेलाइटवालं घ्या" अशी ओळ कोणीतरी जोडलीय. कृपा करून असलं काही करू नका. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट कम्युनिकेटर किंवा सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे, डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी बाईंना असल्याच उपकरणामुळे अडवून पोलिसांच्या ताब्यात दिलं होतं. ट्रेकला निघालेला माणूस ठाण्यात बसायचा.

आणि रेडिओ हातात आहे म्हणून बंदी असलेल्या धबधब्यावर जायला किंवा कुळ्याहून रेल्वेरुळांवरून दूधसागरला चालत जायला मुभा मिळत नाही, एवढं सांगावं लागतं हेच नवल. रुळांवर घुसणं रेल्वे कायद्याखाली गुन्हाच आहे. चोर्ल्याच्या बाईकवाल्यांनाही एक सांगतो, चालत्या गाडीवर हातात वॉकी-टॉकी धरू नका, हेल्मेटमधले ब्लूटूथ इंटरकॉम त्यासाठीच आहेत.

मग घ्यायचाच असेल तर काय बघायचं? लिंक उघडा आणि फ्रिक्वेन्सी शोधा. 446.0 ते 446.2 असं स्पष्ट लिहिलंय का, ईटीए आहे का. 2025 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना असल्या लिस्टिंगवरून नोटिसा काढल्या आणि पुढे नियमही केले, त्यामुळे ही माहिती विक्रेत्याने द्यायलाच हवी. फॉरवर्डमधली लिंक मी उघडून बघितली, 50 किमी चार वेळा लिहिलंय, एलईडी टॉर्चचे तीन फोटो आहेत, फ्रिक्वेन्सीच्या रकान्यात नुसतं "यूएचएफ" लिहून सोडलंय आणि ईटीएचा पत्ताच नाही.