थाकसिनचा मतदार विकला गेला होता का?

थायलंडच्या राजकारणाचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो: टेलिकॉममधून गडगंज झालेल्या माजी पंतप्रधान थाकसिन शिनावात्राने उत्तरेकडच्या आणि ईशान्येकडच्या खेडुतांची मतं विकत घेतली, त्यांना फुकटाची चटक लावली आणि पैशाच्या जोरावरच तो वीस वर्षं सगळ्यांना पुरून उरला.

आधी मतखरेदी. निवडणुकीत पैसे वाटण्याची चाल तिथे थाकसिनच्या आधीपासूनची आणि बहुतेक मोठे पक्ष तिच्यात सामील. मग २००५ मध्ये एकट्या त्याच्याच पक्षाला ५०० पैकी ३७० हून जास्त जागा कशा मिळाल्या? पैसे एकाचे घ्यावेत आणि मत दुसऱ्याला द्यावं, एवढं गरिबालाही कळतं.

फुकटेपणाचा आरोप मला सर्वांत जास्त खटकतो. त्याच्या ‘३० बाट’ आरोग्य योजनेत (बाट हे तिथलं चलन) दवाखान्यात सोनेरी कार्ड दाखवायचं, ३० बाट भरायचे. मग साधी तपासणी असो की शस्त्रक्रिया, वेगळं बिल नाही. एरवी मोठं आजारपण म्हणजे गरीब घर कर्जात बुडालंच. ही कल्पना थाकसिनची नव्हेच. डॉ. संगुआन नित्यारम्पोंग आणि ग्रामीण भागात राबलेल्या डॉक्टरांनी ती वर्षानुवर्षं घडवली होती. थाकसिनने ती उचलली, २००१ मध्ये सत्तेवर येताच राबवायला घेतली आणि २००२ मध्ये तिचा कायदाही झाला. २००६ मध्ये लष्कराने त्याला हाकललं, पण त्याच लष्कराने नेमलेल्या सरकारने योजना गुंडाळली तर नाहीच, उलट ते ३० बाटही माफ केले. लाच असती तर ती कुणी अशी जपली असती? त्याने गावागावाला दिलेले गावनिधीचे दहा लाख बाट हीसुद्धा खिरापत नव्हती. ते गावात कर्जाऊ फिरवायचे होते.

राहिला पैशाचा जोर. २००७ मध्ये न्यायालयाने त्याचा पक्ष विसर्जित केला, १११ पदाधिकाऱ्यांवर पाच वर्षांची बंदी घातली. २०१० मध्ये त्याचे ४६ अब्ज बाट जप्त झाले. तो स्वतः परदेशात. तरी २०११ मध्ये बहीण यिंगलकच्या फ्यू थाई पक्षाने ५०० पैकी २६५ जागा जिंकल्या.

थाकसिनला दोष द्यायलाच हवा, पण खऱ्या गोष्टींसाठी. जानेवारी २००६ मध्ये कुटुंबाने आपल्या शिन कॉर्पोरेशन या टेलिकॉम कंपनीतला हिस्सा सिंगापूर सरकारच्या टेमासेक या गुंतवणूक कंपनीला ७३ अब्ज बाटना विकला, तोही करमुक्त. टेलिकॉम कंपन्यांतल्या परकी मालकीची मर्यादा वाढवणारा कायदा जेमतेम दोन दिवस आधी लागू झाला होता. २००३ मध्ये त्याच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेत पहिल्या तीन महिन्यांतच अडीच हजारांच्या आसपास माणसं मारली गेली. याबद्दल न बोलता गरिबाच्या मतावर बोट ठेवणारे थाकसिनलाच मोकळं सोडतात.

आणि मतदार बांधलेला होता म्हणावं, तर २०२३ ची निवडणूक पाहा. मूव्ह फॉरवर्ड या प्रतिस्पर्धी पक्षाला १५१ जागा, थाकसिनच्या फ्यू थाईला १४१. त्याच्या चियांग माई प्रांतातल्याही बहुतेक जागा मूव्ह फॉरवर्डनेच नेल्या.