नऊ दिवसांचा कोच

"पाचशे मॅच खेळलेल्या माणसाला लायसन्स कशाला हवं?" आज परत हे वाक्य वाचलं आणि डोकं फिरलं. मोठा खेळाडू रिटायर झाला रे झाला, की त्याला थेट मोठ्या क्लबचा कोच करा, ही मागणी दर सीझनला येते. इथे वाचणारे सगळे फुटबॉलवाले, तुम्हाला पटवायची गरज नाही. तरी लिहितोय, राहवत नाही म्हणून.

इटलीचा मिडफिल्डर पिर्लो आठवतोय ना? ३० जुलै २०२० ला इटलीच्या युव्हेंटस क्लबनं त्याला तेवीस वर्षांखालच्या टीमचा कोच केलं. ७ ऑगस्टला मुख्य टीम लिऑनमुळे चॅम्पियन्स लीगबाहेर गेली. ८ ला मुख्य टीमचा कोच सार्रीची हकालपट्टी, आणि त्याच दिवशी पिर्लो मुख्य कोच. नऊ दिवस! त्या पोरांबरोबर एकही मॅच नाही. प्रो लायसन्सची, म्हणजे कोचच्या सगळ्यात वरच्या लायसन्सची, परीक्षा सप्टेंबरात, लीगची पहिली मॅच २० सप्टेंबरला. आणि ज्याला काढलं तो सार्री व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नव्हता, बँकेत नोकरी करायचा. नुकतीच लीग जिंकून दिली होती त्यानं.

युएफाची (युरोपियन फुटबॉल संघटनेची) लायसन्सची शिडी सी, बी, ए आणि प्रो अशी आहे. शेवटची पायरी किमान ३६० तासांची. लोकांना वाटतं हा नुसता कागद. अहो, स्वतःला जे आपोआप जमतं ते दुसऱ्याला जमेल असं कसं मांडायचं, हे तिथे घोटून घेतात.

पिर्लोचंच घ्या. बॉल पायाशी यायच्या आधी मान वळवून मागचं बघून ठेवणं, हा त्याचा हातखंडा. आता पोराला "आधी बघ" असं शंभर वेळा सांगून काही होत नाही. त्यासाठी चार विरुद्ध दोनचा रोंडो लावायचा, म्हणजे बाहेरचे चौघे पास देत राहतात आणि मधले दोघे बॉल हिसकावायला बघतात, साधारण आठ ते दहा मीटरचा चौकोन. बॉल घेणाऱ्याच्या पाठीमागे असिस्टंटनं रंगीत कोन वर धरायचा, आणि बॉल पायाला लागायच्या आत खेळाडूनं रंग ओरडायचा. चौकोन मोठा झाला तर मधल्या दोघांना बॉल मिळतच नाही, बाहेरचे निवांत होतात. फार लहान झाला तर दर दुसऱ्या पासला बॉल जातो आणि शिकायला काही उरत नाही. मग एकेक मीटर सरकवत बसायचं. नवा कोच झालेला स्टार इथे काय करतो? स्वतः आत उतरतो आणि करून दाखवतो. सगळे टाळ्या वाजवतात, शिकत कुणीच नाही. नाहीतर दर मिनिटाला शिट्टी मारून भाषण. तोवर पाय थंड, लय गेली.

आठवड्याची आखणी तर वेगळंच प्रकरण. मॅच रविवारी असेल तर सोमवारी साठ मिनिटांहून जास्त खेळलेल्यांना हलकं काम, आणि बेंचवरच्यांना मात्र चुकलेलं धावणं भरून काढायला लावायचं. हे विसरलं की महिन्याभरात अर्धा स्क्वॉड मॅचला नालायक. मंगळवारी सुट्टी. बुधवारी छोट्या मैदानावर थांबणं-वळणं, गुरुवारी मोठ्या मैदानावर लांब धावा, शुक्रवारी थोडकं पण वेगात, शनिवारी सेट पीस (फ्री किक, कॉर्नर). हरल्याचा राग काढायला शुक्रवारी पळवून पळवून दमवलं की रविवारी पाय जड, आणि कुणाचा तरी हॅमस्ट्रिंग जातोच.

हाफटाईम कागदावर पंधरा मिनिटांचा. येण्याजाण्यात, पाणी पिण्यात निम्मा जातो. बोलायला सहा-सात मिनिटं. तेवढ्यात दोन मुद्दे, दोन क्लिप. पाचवा मुद्दा कुणाच्या कानात शिरत नाही.

आता चॅम्पियन्स लीगमधली ती पोर्तोविरुद्धची मॅच. ९ मार्च २०२१, एक्स्ट्रा टाईम, ११५ वं मिनिट. पोर्तोच्या सर्जिओ ऑलिव्हेराची जमिनीलगत मारलेली फ्री किक युव्हेंटसच्या खेळाडूंच्या भिंतीतल्या, पाठ फिरवलेल्या रोनाल्डोच्या पायांमधून गोलात. मॅच ३-२ जिंकूनही युव्हेंटस बाद, कारण दोन्ही मॅचचे गोल मिळून बरोबरी झाली आणि तेव्हाच्या नियमानं दुसऱ्याच्या मैदानावर जास्त गोल केलेला पोर्तो पुढे गेला. भिंतीत कोण उभं राहणार, उडी मारणार की नाही, मागे आडवा कोण पडणार, हे सगळं शनिवारच्या त्या कंटाळवाण्या सेशनमध्ये ठरतं. फ्री किकचा बादशहा पिर्लो कोच म्हणून बेंचवर, आणि त्याची टीम फ्री किकवर बाहेर! मान्य, पाठ फिरवली ती रोनाल्डोनं, पिर्लोनं नाही.

खरं सांगू, लिहिता लिहिता पिर्लोवरचा राग उतरतोय. बुफाँ, किएलिनी, बोनुची... पाच वर्षांपूर्वी ज्यांच्या शेजारी बसून बूट बांधले, त्यांनाच आता "आज तू बाहेर" म्हणायचं. हे टीम जाहीर व्हायच्या आधी, दार लावून, दोन मिनिटांत, एकच कारण देऊन सांगायचं असतं. हे ऐकायला सोपं वाटतं. आधी कुठल्या तरी छोट्या टीममध्ये दहा जणांना सांगून झालेलं असावं लागतं. त्याला कुणी तेवढा वेळच दिला नाही. त्या वर्षी धड प्रीसीझन, म्हणजे सीझनआधीच्या तयारीचा काळसुद्धा मिळाला नाही. तरी त्यानं इटालियन कप आणि सुपर कप जिंकले, हेही बोलायला हवं. लीगमध्ये मात्र सलग नऊ विजेतेपदांनंतर चौथा नंबर, तोही शेवटच्या दिवशी नापोली अडखळली म्हणून. मे संपायच्या आत नारळ.

राग आहे तो त्याला नऊ दिवसांत उचलून बसवणाऱ्यांवर. नाव विकत घेतात, काम विकत घेत नाहीत.

हो, मोठा खेळाडू आणि मोठा कोच असा झिदान आहे, माहीत आहे. पण तो आधी एक सीझन रेआल माद्रिदमध्ये कोच आन्चेलोत्तीच्या हाताखाली होता, मग दीड वर्ष त्यांच्या बी टीमला, कॅस्टियाला. ग्वार्डिओलानंही एक सीझन बार्सिलोना बी काढली. आणि बरं, जुना स्टार बेकेनबाउअरकडे लायसन्सच नव्हतं, म्हणून पश्चिम जर्मनीनं पदाचं नावच बदललं आणि त्यानं १९९० चा वर्ल्ड कप आणला. तो एक सोडा.

झाबी आलोन्सो बघा. वर्ल्ड कप जिंकलेला माणूस रेआल माद्रिदच्या चौदा वर्षांखालच्या पोरांना शिकवायला गेला. मग तीन वर्षं रेआल सोसिएदादची बी टीम. २०२१ ला तिला दुसऱ्या डिव्हिजनमध्ये चढवलं, २०२२ ला ती परत खाली आली. त्या उतरणीवर जगात कुणी बोंब मारली नाही, म्हणून तो शांतपणे चुकू शकला. ऑक्टोबर २०२२ ला जर्मनीतलं लेव्हरकुसेन घेतलं तेव्हा ते लीगमध्ये खालून दुसरे. २०२३-२४ ला लीगच्या ३४ पैकी २८ मॅच जिंकल्या, ६ बरोबरीत, हार शून्य.

पिर्लो पुढे तुर्कस्तानात गेला, मग इटलीच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये सांपदोरियाला. तिथे दुसऱ्या सीझनच्या तीन मॅच झाल्या आणि त्याला काढलं.