डोकं कुरवाळलंत कुत्र्याचं, दिशा गेली माणसाची

सकाळपासून एकच व्हिडिओ फिरतोय आणि माझ्या यादीतल्या निम्म्या लोकांनी तो शेअर केलाय. चौकात एक अंध गृहस्थ उभे आहेत, डाव्या हाताशी हार्नेस घातलेला लॅब्रॅडॉर, म्हणजे अंध माणसाबरोबर चालायला शिकवलेला गाईड डॉग. एक बाई हसत येतात, गुडघ्यावर बसतात, दोन्ही हातांत कुत्र्याचं डोकं धरून कुरवाळतात, पर्समधून बिस्किट काढून भरवतात. मागे बासरी. मग सिग्नल सुटतो, जोडी रस्त्यात उतरते आणि खाली अक्षरं उमटतात: 'ज्याला डोळे नाहीत, त्याचा डोळा!' त्याखाली बदामांची रांग.

आता तो परत लावा. आवाज बंद करा आणि कुत्र्याच्या गोड तोंडाकडे न बघता पाठीकडे बघा. बाईंनी डोकं धरलं की कुत्र्याचं मागचं अंग बाहेर वळतं. हार्नेसची दांडी कडक असते, मुद्दामच तशी केलेली असते, म्हणजे कुत्र्याची प्रत्येक हालचाल हातात कळावी. कुत्रा वळला की दांडी वळते, दांडीमागून माणसाचा खांदा, खांद्यामागून पाय. त्या गृहस्थांचे बूट बघा. आधी टोकं समोरच्या फुटपाथकडे होती. बिस्किट संपेपर्यंत ती चौकाच्या मध्याकडे वळलेली आहेत.

बदाम टाकणाऱ्यांपैकी किती जणांना हे दिसलं?

दिसत नसताना रस्ता ओलांडायचा म्हणजे आधी दिशा धरावी लागते. फुटपाथच्या कडेला आल्यावर बाजूने वाहणाऱ्या गाड्यांचा आवाज ऐकायचा, त्याला समांतर असं अंग लावायचं आणि तसंच उभं राहायचं. बारा मीटर रुंद रस्त्यावर सुरुवातीला पंधरा अंश चुकले तर पलीकडे पोचेपर्यंत माणूस सव्वातीन मीटर बाजूला गेलेला असतो. म्हणजे झेब्रा क्रॉसिंगच्या बाहेर, वळणाऱ्या गाड्यांच्या तोंडाशी. हो, चांगला कुत्रा बऱ्याचदा मध्येच सावरून घेतो आणि समोरची कड गाठतो. व्हिडिओतल्यानेही घेतलं. ते त्याचं कौशल्य, बाईंची पुण्याई नव्हे.

आणि ते 'डोळा' प्रकरण. कुत्र्याला सगळं कळतं, तोच घेऊन जातो, तोच सिग्नल बघतो, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी लिहितेय: कुत्रा सिग्नल बघत नाही. त्याला लाल-हिरव्यातला फरक धड दिसतही नाही. त्याच्या डोळ्यांना निळा आणि पिवळा हे दोनच रंग नीट कळतात. कधी निघायचं हे माणूस ठरवतो. समोरून आडव्या जाणाऱ्या गाड्या थांबल्या, शेजारच्या एकदम सुटल्या, की त्या सुटण्याच्या आवाजावर तो 'पुढे' म्हणतो. कुठे जायचं, डावीकडे कितव्या चौकात वळायचं, बस कुठली, हेही माणसाच्याच डोक्यात असतं. रस्ता माणसाला पाठ नसेल तर जगातला कुठलाही कुत्रा त्याला ऑफिसात पोचवणार नाही.

कुत्र्याचं काम वेगळं आहे आणि खरं सांगायचं तर जास्त अवघड आहे. सरळ रेषेत चालायचं. फुटपाथ संपला, पायरी आली की थांबायचं. अडथळा चुकवायचा, आणि तो चुकवताना आपल्या अंगाचा नाही तर शेजारी चालणाऱ्या माणसाच्या रुंदीचा आणि उंचीचा हिशोब करायचा. ट्रकच्या मागची उघडी फळी, खाली आलेली फांदी, अशी कपाळाच्या उंचीवरची वस्तू कुत्र्याच्या वाटेत येतच नाही, तो तिच्याखालून आरामात जाईल. तरी त्याने थांबायचं. हे शिकवताना खांदा कुठे घासला, डोकं आपटलं, की प्रशिक्षक तिथेच थांबवतो, त्या वस्तूवर हाताने थाप मारून दाखवतो, चार पावलं मागे नेतो आणि परत आणतो. कुत्रा सांभाळून वळसा घालेपर्यंत हेच.

यात सर्वांत कठीण धडा हुकूम मोडण्याचा. माणूस 'पुढे' म्हणाला आणि गाडी येत असली तर जागचं हलायचं नाही. एरवी सगळं ऐकणाऱ्या प्राण्याला हे एवढंच ऐकू नकोस असं शिकवणं किती कठीण असेल, विचार करा. आणि ही शेवटची ढाल आहे. रोज प्रत्येक चौकात कुत्र्याने वाचवायचं अशी रचनाच नाहीये. माणसाच्या कानाची चूक झाली तर कुत्रा, असा तो क्रम आहे. हल्ली तर कानालाही दगा होतो, कारण इलेक्ट्रिक गाड्या सावकाश चालताना ऐकूच येत नाहीत. युरोपात २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक गाडीला ताशी २० किलोमीटरपर्यंत कृत्रिम आवाज काढावा लागतो, तो नियम याच अडचणीतून आला. अशा जगात नेमक्या फुटपाथच्या कडेला उभ्या असलेल्या कुत्र्याचं डोकं तुम्ही दोन्ही हातांनी धरून ठेवता. त्या क्षणी तो गाडी बघत नसतो, तुमचं बिस्किट बघत असतो.

माणसाला विसरून कुत्र्याचं कौतुक करायची ही खोड जुनी आहे. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीत ओल्डेनबुर्गला गाईड डॉगची पहिली शाळा निघाली. अमेरिकेतला मॉरिस फ्रँक हा अंध तरुण स्वित्झर्लंडला जाऊन बडी नावाच्या जर्मन शेफर्ड कुत्रीबरोबर शिकून आला आणि १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या वेस्ट स्ट्रीटवर, पत्रकारांसमोर, भर रहदारीत रस्ता ओलांडून दाखवला. पुढच्या वर्षी त्यातूनच 'द सीइंग आय' ही संस्था उभी राहिली. बडी थोरच होती. पण त्या रहदारीत पाऊल टाकायचं ठरवलं कोणी?

बिस्किटावर येते, कारण 'एका बिस्किटाने काय होतं' हे वाक्य कमेंटमध्ये दिसलंच. सांगते काय होतं. या कुत्र्यांचं खाणं मोजून आणि ठरलेल्या वेळी असतं, कारण खाण्याच्या वेळेवर शी-शूची वेळ ठरते आणि त्यावर माणसाचा अख्खा दिवस. मध्ये काहीतरी वेगळं पोटात गेलं की पोट बिघडतं, आणि ते बिघडतं लिफ्टमध्ये नाहीतर मीटिंगच्या खोलीत. अॅलर्जी असली तर आणखीच वाईट. पण खरं नुकसान त्याहून मोठं. अनोळखी हातातून खाऊ मिळतो हे त्याला एकदा कळलं की पुढचे कित्येक दिवस तो प्रत्येक पिशवीकडे, जमिनीवरच्या प्रत्येक तुकड्याकडे ओढतो. ती ओढ दांडीतून माणसाच्या हातात येते आणि ही खाण्याची ओढ की अडथळ्याची, हे त्याला प्रत्येक वेळी शोधत बसावं लागतं. महिनोन् महिने घालवून लावलेली सवय तुम्ही पाच सेकंदांत उसवता आणि ती परत शिवायला दुसरा कोणीतरी बसतो.

शी उचलतं कोण, हाही प्रश्न होता, नाकाला हात लावलेल्या इमोजीसकट. तो अंध माणूसच उचलतो. कुत्रा बसला की माणूस त्याच्या पाठीवरून हात फिरवतो. पाठ उतरती असेल तर शू, कमानीसारखी वर आली असेल तर शी. मग शेपटीच्या बुडापासून सरळ खाली पाऊल टेकवून जागा धरायची, प्लॅस्टिकची पिशवी हातमोज्यासारखी उलटी चढवायची, चाचपून उचलायचं, पिशवी सुलटी करून गाठ मारायची. डोळे शाबूत असलेले कित्येक कुत्रेवाले फुटपाथवर काय सोडून जातात ते आपण रोज बघतो. त्यामुळे ती इमोजी परत घ्या.

बरं. थोडी शांत होते. व्हिडिओतल्या बाई वाईट नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरचं प्रेम खरं आहे. कुत्रा दिसला की हात पुढे जातो हे मला समजतं, लहान मुलांचं तर अजूनच समजतं. आणि हार्नेस उतरला की हाच कुत्रा लोळतो, चपला पळवतो, पोट वर करून झोपतो. 'बिचाऱ्याला राबवतात' म्हणणाऱ्यांनी तेही बघावं. वाईट शाळा असतात, कुत्र्यांना फार ताण देणारी माणसंही असतात, हे मान्य. पण ज्याला हे काम नकोसं वाटतं तो कुत्रा बहुतेक वेळा प्रशिक्षणातच गळतो आणि कुणाच्या तरी घरचा लाडका होतो. दोन महिन्यांचं पिल्लू एखाद्या स्वयंसेवक कुटुंबात वर्षभर किंवा जास्त वाढतं, मग काही महिने शाळा, मग माणूस आणि कुत्रा एकत्र काही आठवडे. त्यातही जोडी जुळावी लागते. चालीचा वेग, दांडीवरची ओढ, उंची, घरची वर्दळ. भरभर चालणारा कुत्रा सावकाश चालणाऱ्या माणसाला दिला तर दोघंही बेजार.

एवढा खटाटोप कशासाठी? काठीला अडथळा कळतो तो आपटल्यावर. खांब, बाक, आडवी लावलेली स्कूटर, एकेक शोधायचं, थांबायचं, बाजूने काढायचं. कुत्र्याबरोबर बऱ्याच वस्तू तिथे होत्या हेच माणसाला कळत नाही; तो चालत राहतो. खांदे खाली येतात, चाल मोकळी होते, घरी पोचल्यावर डोकं शिणलेलं नसतं. संध्याकाळी उगाच बाहेर पडावंसं वाटणं, आयुष्य बरं होतं म्हणजे हेच. आणि यातच एक खोच आहे जी मला नाइलाजाने मान्य करावी लागते: ज्या खांबाला काठी टेकली की 'आता उजवीकडे वळायचं' असं कळायचं, तो खांब कुत्रा अलगद टाळून नेतो आणि खूणच हरवते. म्हणून कुत्रा मिळण्याआधी काठीने फिरता यावं लागतं, आणि कित्येक अंध लोक सगळा विचार करून काठीच निवडतात. काठीला ताप येत नाही, तिला खायला लागत नाही, आणि आठ-दहा वर्षांचं वय झालं म्हणून ती निवृत्त होत नाही. या निवृत्तीबद्दल कोणी बासरी लावून व्हिडिओ करत नाही. रोज हाताशी असलेला जीव कामातून जातो, नव्याची वाट बघत परत काठी धरायची, आणि नवा आला की सगळे रस्ते पहिल्यापासून.

आता पुन्हा चिडते, कारण हेच बदाम टाकणारे लोक दारात काय करतात ते ठाऊक आहे. हॉटेलात 'कुत्रा बाहेर बांधा'. टॅक्सी थांबते, कुत्रा दिसला की सुटते. अमेरिकेच्या कायद्यात तर कर्मचाऱ्याला विचारायला दोनच प्रश्न ठेवलेत: हा अपंगत्वामुळे लागणारा कुत्रा आहे का, आणि तो कुठलं काम शिकलाय. कागद मागायचे नाहीत. हार्नेस धरून अंध माणूस समोर उभा असेल तर तेवढंही विचारायची गरज नाही. तरी लोक अडवतात. पडद्यावर डोळा आणि दारात कुत्रा.

आणि चित्रीकरण! त्या गृहस्थांना ठाऊक होतं का कोणीतरी समोरून मोबाईल धरलाय? तोंडाने सांगितल्याशिवाय कसं कळणार त्यांना? व्हिडिओत तरी कोणी काही विचारताना ऐकू येत नाही.

मदत करायचीच असेल तर माणसाशी बोला. कुत्रा बहुधा डावीकडे असतो म्हणून उजव्या बाजूने या, हात न लावता आवाज द्या: 'नमस्कार, मदत हवी आहे का?' नको म्हणाले तर विषय संपला, रागवायचं नाही. हो म्हणाले तर आपलं कोपर पुढे करा. ते हार्नेसची दांडी सोडतील, नुसता पट्टा धरतील (म्हणजे कुत्र्याला कळतं की आत्ता वाट दाखवायची नाही) आणि उजव्या हाताने तुमचं कोपर पकडतील. तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. दांडी किंवा त्यांचा डावा हात कधीही धरू नका. गाडीत असाल तर हॉर्न देऊन 'जा, जा' करू नका. तुमच्या हॉर्नमुळे बाकीच्या गाड्या ऐकू येत नाहीत. पत्ता सांगताना 'तिकडे' म्हणू नका, 'तुमच्या उजव्या हाताला, दहा पावलांवर' म्हणा. कुत्र्याचं नाव विचारू नका, कारण कळलं की तुम्ही हाक मारणार. काही जण खोटंच नाव सांगतात, आणि बरोबर करतात. स्कूटर फुटपाथवर लावू नका: तेवढ्यासाठी कुत्र्याला थांबून, कडेपर्यंत नेऊन, माणसाला रस्त्यावर उतरवून, वळसा घालून परत वर आणावं लागतं.

घरी कुत्रा पाळणाऱ्या मित्रमंडळींना वेगळं सांगते. हार्नेसवाला कुत्रा समोरून येताना दिसला की आपला पट्टा आखडा. 'आमचा काही करत नाही' हे ऐकायच्या आधीच तो जाऊन भिडलेला असतो. एका हल्ल्यानंतर गाईड डॉग दुसऱ्या कुत्र्यांना कायमचा घाबरायला लागला तर त्याचं काम तिथेच संपतं, जखम दोन टाक्यांची असली तरी. बाजूने जाताना मोठ्याने सांगा: 'माझ्याबरोबर कुत्रा आहे, तुमच्या डाव्या बाजूला, पट्टा आखूड धरलाय.' आणि थांबू नका, पुढे चालत राहा.